गीझर बदलण्याआधी एवढं तपासा

दिवा लागतो पण पाणी गारच, म्हणून तुम्ही नवा गीझर घ्यायला निघालात. कृपया थांबा. दिवा सतत चालू राहतो आणि पाणी तापतच नाही, तेव्हा बहुतेक वेळा एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी आतली कॉइल, गेलेलं असतं, टाकी नाही. एलिमेंट वेगळं मिळतं.

इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर घेऊन यायला सांगा. २००० वॅटच्या एलिमेंटचा रोध २६ ओहमच्या आसपास यायला हवा. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. दिवाच लागत नसेल तर मात्र आधी थर्मल कटआउट, म्हणजे गीझर जास्त तापला की वीज तोडणारा स्विच, बघायला सांगा.

तुमच्या सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येतं का? मुंबईत तलावांचं पाणी त्यामानाने मऊ. बोअरवेलच्या जड पाण्याने एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो, ते आतल्या आत तापून जळतं. तसं असेल तर त्याच वेळी टाकीतला गाळ काढून घ्या आणि मॅग्नेशियमचा रॉड झिजलाय का तेही पाहा. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

झाकण उघडण्याआधी एमसीबी बंद करा, नुसतं बटण नको. आणि अर्थिंग तपासल्याशिवाय कुणालाही आंघोळीला पाठवू नका.