मदत हवी आहे: गावच्या तांब्याच्या फोनलाइनवर व्हीडीएसएल मोडेम लावला तर वेग वाढेल का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी असतात, मी पुण्यात. घर दरीत आहे. मोबाइलची रेंज अंगणातल्या फणसाखाली गेलं तरच येते, तीही टिकत नाही. फायबर वाडीपर्यंत आलेली नाही. उरला तो लँडलाइनवरचा जुना ब्रॉडबँड. आईला दर पंधरा दिवसांनी हृदयाच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलावं लागतं आणि डॉक्टरांची वेळ संध्याकाळी साडेसातची. नेमकं तेव्हाच चित्र गोठतं. मागच्या खेपेला डॉक्टर पायाची सूज दाखवा म्हणाले आणि लाइन गेली. बाबा अर्धा तास मोडेम चालू-बंद करत बसले होते.

गणपतीला गेले तेव्हा मोडेमच्या पानावरचे आकडे वहीत उतरवून घेतले:

मोड: जी.डीएमटी
डाउनस्ट्रीम (घरी येणारा वेग) २,९४४ केबीपीएस, अपस्ट्रीम (घरून जाणारा) ४८० केबीपीएस
डाउनस्ट्रीम अॅटेन्युएशन (तारेत सिग्नल किती विरतो ते) ३८ डीबी
एसएनआर मार्जिन (गोंगाट सोसून लिंक टिकवायची शिल्लक) दुपारी ९ डीबी, रात्री ३-४ डीबी

व्हीडीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचा नवा, वेगवान प्रकार, त्यावर १०० एमबीपीएससुद्धा मिळतात असं वाचलं. तार तर तीच तांब्याची. मग नवा मोडेम आणून लावला तर चालेल का? आणि हे सगळं अंधार पडल्यावरच का बिघडतं? आणखी एक, उपयोगी आहे की नाही माहीत नाही: पावसात फोनवर खरखर येते आणि बाहेरून फोन आला की मोडेमचा दिवा लुकलुकायला लागतो.

कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

व्हीडीएसएल मोडेम घेऊ नका, पैसे वाया जातील. एक तर एक्सचेंजकडच्या यंत्रातही व्हीडीएसएलचं कार्ड लागतं. ते असलं तरी तुमचा अडसर अंतराचा आहे. ३८ डीबी म्हणजे साधारण पावणेतीन किलोमीटर तार.

आपलं बोलणं त्या तारेवर ३.४ किलोहर्ट्‌झच्या आतच उरकतं. त्याच्या वरची मोकळी जागा एडीएसएलने, म्हणजे तुमच्याकडच्या जुन्या ब्रॉडबँडने, १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंत वापरली. २००३ च्या एडीएसएल२+ ने ती २.२ वर नेली आणि कमाल वेग ८ वरून २४ एमबीपीएस झाला. व्हीडीएसएल२ १७, पुढे ३५ मेगाहर्ट्‌झपर्यंत गेलं, त्यानंतर आलेलं जी.फास्ट १०६ च्याही पुढे. पण वारंवारता जितकी जास्त, तितका सिग्नल तांब्यात लवकर विरतो. दीड किलोमीटरच्या पुढे व्हीडीएसएल२ आणि एडीएसएल२+ यांत फारसा फरक उरत नाही. जी.फास्ट तर काहीशे मीटरचंच काम.

प्रतिसाद २

मी जर्मनीत राहतो, माझ्याकडे अशाच जुन्या तांब्यावर २४० एमबीपीएस येतात, म्हणून लिहितो. इथे फायबर रस्त्यावरच्या करड्या पेटीपर्यंत आली आहे, तिथून माझ्या तळघरापर्यंत जेमतेम दोनशे मीटर तांबं. शिवाय व्हेक्टरिंग आहे. एका केबलमध्ये शेजारीशेजारी असलेल्या जोड्यांचा गोंगाट एकमेकींत झिरपतो. पेटीतलं यंत्र तो मोजतं आणि प्रत्येक जोडीवर त्याच्या उलटा सिग्नल आधीच मिसळून पाठवतं, म्हणजे घरी पोचेपर्यंत गोंगाट कटतो. त्याचं मानक २०१० मध्ये आलं. त्यासाठी केबलमधल्या सगळ्या जोड्या एकाच यंत्राच्या ताब्यात असाव्या लागतात. त्यामुळे तुमच्या वाडीत फायबर निदान जवळच्या पिलरपर्यंत (रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेटीपर्यंत) आली, तरच यातलं काही तुमच्या उपयोगाचं.

प्रतिसाद ३

ताई, टेलिफोनच्या कामात माझी तीस वर्षं गेली. तुम्ही शेवटी सहज म्हणून जे लिहिलंत तेच मुख्य आहे. घंटी वाजताना लिंक हलते आणि पावसात खरखर येते, म्हणजे कुठेतरी जोड खराब झाला आहे. तांब्यावर गंज चढला की तो जोड धड तुटतही नाही आणि धड जुळतही नाही. घंटीचा मोठा व्होल्टेज आला की त्याची अवस्था बदलते आणि मोडेम सूर हरवतो. जमिनीतली, आत जेली भरलेली केबल सहसा दगा देत नाही. खांबावरच्या डीपीपासून (घराघरांच्या तारा जिथून फुटतात त्या डबीपासून) घरापर्यंतची ड्रॉपवायर बघा. कोकणात झाडाची फांदी पडून ती तुटते आणि कुणीतरी नुसत्या टेपने जोडून जातं.

घरात दुसरा फोन आहे का, माजघरात वगैरे? स्प्लिटरच्या (फोन आणि नेट वेगळं करणाऱ्या डबीच्या) आधी समांतर काढलेली वायर असेल तर सोडवा. नुसती लोंबती असली तरी तिच्या टोकावरून सिग्नल परत फिरतो.

आता रात्रीचं. मीडियम वेव्ह रेडिओ ५३१ ते १६०२ किलोहर्ट्‌झवर चालतो, म्हणजे बरोबर एडीएसएलच्या पट्ट्यात. अंधार पडला की या लहरी आकाशातून परावर्तित होऊन लांबून येतात आणि खांबावरची तार अँटेनासारखी त्या पकडते. लाइन दोन्ही बाजूंनी समतोल असेल तर हा त्रास बराचसा आपोआप कटतो. एका बाजूचा जोड खराब असेल तर समतोल जातो आणि सगळा रेडिओ आत शिरतो. म्हणून तुमचं मार्जिन रात्री ९ वरून ३ वर येतं. बाबांना सांगा, तक्रार देताना ‘नेट स्लो आहे’ म्हणू नका, ‘फोनवर खरखर आहे’ म्हणा. लाइनमन तार तपासायला येईल.

प्रतिसाद ४

जी.डीएमटी म्हणजे पहिलं एडीएसएल. मोडेमच्या सेटिंगमध्ये मोड ऑटो किंवा एडीएसएल२+ करून बघा. ३८ डीबीला निरोगी लाइनवर ८ एमबीपीएसच्या आसपास मिळायला हवेत. मात्र काकांनी सांगितलेली दुरुस्ती आधी करा, नाहीतर जास्त वेगावर लिंक टिकणार नाही.

धागालेखिका

काका, शतशः आभार. माजघरात खरंच एक वायर निघाली. आजीसाठी फोन बसवला होता त्याची, कपाटामागे गुंडाळून ठेवलेली. बाबांनी फोनवर माझ्याशी बोलत बोलत ती रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या डबीतून) सोडवली. तेवढ्यानेच दुपारचं मार्जिन ११ झालं. खरखरीची तक्रार तीनदा द्यावी लागली. पहिल्या दोन वेळा कुणी न येताच ती बंद केली गेली, आणि मला त्याचा फार राग आला, कारण मधल्या काळात डॉक्टरांची एक वेळ चुकली. तिसऱ्यांदा आलेल्या लाइनमनदादांनी मात्र मन लावून काम केलं. आंब्याच्या झाडाजवळ ड्रॉपवायरला दोन जोड सापडले, एक पूर्ण हिरवा पडलेला. त्यांनी डीपीपासून घरापर्यंत अखंड नवी वायर ओढली.

मग मोड ऑटो केला. आता एडीएसएल२+ दिसतं, डाउनस्ट्रीम ७,९३६, अपस्ट्रीम ८९२, रात्री आठला मार्जिन ६. काल मी व्हिडिओ कॉल चालू असताना मुद्दाम लँडलाइनवर फोन केला. घंटी वाजली, चित्र हललं नाही. आईचा चेहरा इतका स्वच्छ बऱ्याच दिवसांनी दिसला.

प्रतिसाद ३

छान झालं, ताई. मार्जिन ६ ठीक आहे. ४ च्या खाली जायला लागलं तर डीपीतला जोड बघायला सांगा, तोही तेवढाच जुना असणार. आणि जोराच्या विजांत मोडेमची फोनवायर आणि प्लग दोन्ही काढून ठेवायला सांगा.

धागालेखिका

हो काका, बाबांनी मोडेमशेजारी चिठ्ठी चिकटवली आहे. डॉक्टरांची पुढची वेळ मंगळवारी आहे, तोवर रोज रात्री आठचं मार्जिन वहीत लिहायला सांगितलंय.