चारी बांध मोजून गुंठे काढले, तर उताऱ्यापेक्षा जास्त का येतात?

भात_खानापूर
बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं (कर्नाटक) चार बांधांचं भाताचं शेत आहे. टेपनं घेतलेली मापं फुटांत अशी: उत्तर २८०, पूर्व १७०, दक्षिण २००, पश्चिम १५०. गावाकडच्या रीतीनं समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढून गुणाकार केला: २४० × १६० = ३८,४०० चौरस फूट. गुंठ्याचे चौरस फूट १०८९, त्यानं भागल्यावर ३५ गुंठे ४ आणे होतात (१६ आण्यांचा गुंठा). उताऱ्यावर मात्र ०.३३.०१ आहे, म्हणजे शून्य एकर, ३३ गुंठे, १ आणा. चूक टेपची, रीतीची, की बांधच सरकलाय? शिवाय याचे दोन सारखे वाटे करायचेत. मधला बांध कुठं घालायचा?

टेप_ओळंबा
आधी कर्ण सांगा. नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ ठरतच नाही. सैल झालेल्या खाटेची चौकट एका अंगाला कलली, तर चारी लाकडं तेवढीच राहतात आणि मधली जागा कमी होते. भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) कर्ण किंवा लंब न देता चौकोनाचं क्षेत्र विचारणाऱ्याला सरळ पिशाच म्हटलंय, तेव्हा रागावू नका.

सरासरीच्या रीतीत चारी कोपरे काटकोनात आहेत असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्यक्षात एखादा जरी कोपरा तिरका असला तरी उत्तर जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. कारण दोन बाजूंमधला त्रिकोण मोठ्यात मोठा होतो तो कोन ९० अंशांचा असताना. म्हणून ज्याला खंड (शेताचं भाडं) घ्यायचाय त्याला ही रीत आवडते आणि ज्याला द्यायचाय त्याला महागात पडते.

भात_खानापूर
वायव्य कोपऱ्यापासून आग्नेय कोपऱ्यापर्यंत २५० फूट.

टेप_ओळंबा
मग दोन त्रिकोण करा. प्रत्येकाच्या तीन बाजूंच्या बेरजेची निमपट घ्या, तीतून एकेक बाजू वजा करा, चारी आकडे गुणा आणि वर्गमूळ काढा.

२८०, १७०, २५०: निमपट ३५०. ३५० × ७० × १८० × १०० चं वर्गमूळ २१,०००.
२००, १५०, २५०: निमपट ३००. ३०० × १०० × १५० × ५० चं वर्गमूळ १५,०००.

एकूण ३६,००० चौरस फूट, म्हणजे ३३ गुंठे १ आणा. उतारा बरोबर आहे, बांधही जागेवर दिसतात. २ गुंठे ३ आणे नुसत्या रीतीनं वाढवले होते.

तरी दुसरा कर्ण मोजा. तो हिशेबाला लागत नाही, पडताळ्याला लागतो. ईशान्य ते नैर्ऋत्य ३१७ फूट ८ इंच यायला हवा. चार-सहा इंचांचा फरक चालेल. दोन-तीन फूट चुकला, तर कुठलं तरी एक माप घसरलंय. बहुतेक वेळा टेपचं पुढचं टोक तुटलेलं असतं, नाहीतर १०० फुटांची एखादी ओढ मोजायची राहून जाते. टेपमध्ये शंभराला एक फूट खोट असली तर क्षेत्रात शंभराला दोनची येते. इथं ते साडेदहा आणे होतात.

आणि जमीन उताराची असेल तर टेप मातीवर अंथरू नका. नोंदीतलं क्षेत्र सपाटीवरचं असतं. १०० फुटांत टोकं १० फूट खाली-वर असतील तर खरी लांबी ९९.५, १७ फूट असतील तर ९८.५. टेप आडवी ताणून, टोकाला ओळंबा सोडून, पायरी-पायरीनं उतरा की.

काटकोन_टिळकवाडी
कोणी पाहिलं नाही वाटतं: १५०, २००, २५० म्हणजे ३-४-५ चाच त्रिकोण. नैर्ऋत्य कोपरा पक्का काटकोनात आहे. वरचा ३१७ फूट ८ इंचांचा कर्ण धरला तर वायव्य कोपराही. म्हणजे उत्तर-दक्षिण बांध समांतर, खरी रुंदी १५०, आणि पूर्वेचा १७० चा बांध नुसता तिरका. २४० × १५० = ३६,०००, वर्गमूळाची गरजच नाही.

वाट्यांचं आता सोपं. पश्चिम टोकापासून उत्तर आणि दक्षिण दोन्ही बांधांवर १२० फुटांवर खुंट्या मारा. पश्चिमेचा तुकडा १२० × १५० = १८,०००, उरलेला तेवढाच. सगळ्यात चुकतं ते पूर्व-पश्चिम बांधांचे मध्य जोडून आडवा बांध घातला की. उत्तरेचा वाटा १९,५०० होतो, दक्षिणेचा १६,५००. पावणेतीन गुंठ्यांचा फरक! पाण्यासाठी आडवाच बांध हवा असेल, तर उत्तर बांधापासून पश्चिमेच्या बांधावर ६८ फूट ९ इंच आणि पूर्वेच्या तिरक्या बांधावर ७८ फूट मोजा. तिथं बांधाची लांबी २८० च्या वर्गाची नि २०० च्या वर्गाची सरासरी काढून तिचं वर्गमूळ, म्हणजे २४३.३ येते. २४० नव्हे.

सीमेपलीकडं_चंदगड
एक भर. आमच्या महाराष्ट्रातल्या सातबाऱ्यावर हेच शेत सुमारे ०.३३.४५ दिसेल: शून्य हेक्टर, ३३ आर, ४५ चौरस मीटर. ते वाचून ‘३३ गुंठे ४५’ म्हणू नका. आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. एका हेक्टरात ९८.८४ गुंठे बसतात, शंभर नाहीत.

उलटा सापळा तुमच्या उताऱ्यात आहे. १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे, दीड एकर. कॅल्क्युलेटरवर १.२० ला एकरी दरानं गुणलं की १२ गुंठ्यांचे पैसे बुडाले. आधी सगळ्याचे गुंठे करा (एकर × ४०), मग दर लावा. खंडाच्या बोलीत पोटखराब (लागवडीला न येणारी जागा) धरायचं की वगळायचं तेही आधीच ठरवा.

भात_खानापूर
मोबाईलवर चारी कोपरे टिपून क्षेत्र दाखवणारं अ‍ॅप चालेल का?

टेप_ओळंबा
अंदाजाला चालेल, वाट्याला नको. शेताचा घेर ८०० फूट, म्हणजे २४४ मीटर. चारी बांध एकेक मीटर बाहेर पडले तरी जवळपास अडीच गुंठे वाढतात, आणि साध्या फोनची चूक त्याहून मोठी असते, झाडाखाली तर जास्तच. सगळे कोपरे एकाच बाजूला सरकले तर क्षेत्र बदलत नाही, पण तशी खात्री कुणी द्यायची?

आणि हे सगळं घरच्या हिशेबापुरतं. वाटा विकायचा असेल तर भूमापन खात्याचा ११ ई नकाशा (विकायचा तुकडा मोजून दाखवणारा) लागतो, त्याशिवाय नोंदणी होत नाही. मोजणीच्या दिवशी हे आकडे लिहिलेला कागद खिशात ठेवा.