मदत हवी आहे: नेला लास्टच्या मूळ रोजनिशीची पानं भारतातून कशी मिळवावी?

नमस्कार. एम.ए. इतिहासाच्या प्रबंधासाठी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश स्त्रियांनी ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या, सामान्य लोकांचं रोजचं जगणं नोंदवणाऱ्या संस्थेला पाठवलेल्या रोजनिश्यांवर काम करतेय. मुख्य उदाहरण इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेस या गावच्या गृहिणी नेला लास्ट. नवऱ्याची मर्जी सांभाळून त्या स्वयंसेवेला जात. बाहेरच्या कामाने आलेला आत्मविश्वास आणि ‘चांगली बायको’ असण्याचं ओझं, दोन्ही लिखाणात दिसतं.

अडलंय ते इथे. मी फक्त छापील, संपादित निवड वाचली आहे. ही रोजनिशी कपाटात लपवलेली नव्हती, पोस्टाने संस्थेकडे जायची. मग एखाद्या गोष्टीबद्दलचं मौन त्यांचं स्वतःचं, की संपादनात गाळलेलं? माझा सगळा मुद्दा त्या मौनावरच उभा आहे.

मूळ कागद इंग्लंडमध्ये ब्राइटनच्या ‘द कीप’ या अभिलेखागारात आहेत, तिथे जाणं परवडणारं नाही. डिजिटल संग्रह सशुल्क आहे, आमच्या विद्यापीठाकडे वर्गणी नाही. छापील निवडीवरच भागव, असं मार्गदर्शक म्हणतात, पण मला ते पटत नाही. बॅरोवर बॉम्ब पडले ते एप्रिल-मे १९४१, एवढीच पानं मिळाली तरी पुरे.

तिथून मोजक्या पानांचे स्कॅन कुणी मागवले आहेत का, खर्च किती आला? किंवा महाराष्ट्रातलं कोणतं ग्रंथालय बाहेरच्या विद्यार्थ्याला हा संग्रह बसून वाचू देतं?