इंटरफिअरन्स : अडथळा की हस्तक्षेप?

दादरकर: बेसबॉलच्या नियमांचा तर्जुमा करतोय, एका शब्दावर अडलोय. बॅट फिरत असताना कॅचरचा, म्हणजे तिथल्या यष्टीरक्षकाचा, ग्लव्ह तिला लागला, तर अंपायर इंटरफिअरन्स देतो आणि बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळतो. उलट, बेस चोरणाऱ्याला, म्हणजे फटका बसला नसताना पुढच्या बेसकडे पळणाऱ्याला, टिपायला कॅचर थ्रो करतोय आणि बॅटर बॉक्सबाहेर येऊन त्याच्या वाटेत आला, तर सहसा बॅटरच बाद. शब्द तोच. मी दोन्हीकडे ‘अडथळा’ लिहिलं, संपादकबाईंनी ‘हस्तक्षेप’ केलं. हस्तक्षेप म्हटलं की मला मंत्रालय दिसतं.

ओळंबा: बाईंचं बरोबर आहे. कॅचरचा हस्त खरंच मध्ये घुसतो की!

दादरकर: आणि बॅटर वाटेत येतो तेव्हा? पादक्षेप?

काकू_गिरगाव: बॅटर, कॅचर, ग्लव्ह चालतात, मग इंटरफिअरन्सनेच काय घोडं मारलंय? नाहीतर आमच्या वाडीतली पोरं म्हणतात तसं लिहा, ‘कीपरला आडवा आला’.

शुद्धमती: काकू, नियमावली आहे ती, वाडीतलं भांडण नाही. क्रिकेटमध्ये ‘क्षेत्ररक्षणात अडथळा’ रूढ आहे. 1951 साली ओव्हलवर इंग्लंडचा फलंदाज हटन तसाच बाद झाला. चेंडू स्टंपवर पडेल म्हणून त्याने पुन्हा बॅट घातली आणि यष्टीरक्षक एन्डीनचा झेल हुकला.

कट्टेकरी: पण ‘अडथळा आणला’ म्हटलं की मुद्दाम केल्यासारखं वाटतं. ग्लव्ह चुकून लागला तरी बेस मिळतोच. आणि स्विंग हुकून मागे आलेली बॅट कॅचरला नकळत लागली, तर नुसता स्ट्राइक (हुकलेला फटका), चेंडू मृत, रनर जागच्या जागी. 1975 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, बंट मारून (बॅट न फिरवता चेंडू हळूच टेकवून) निघालेला आर्मब्रिस्टर आणि बॉस्टनचा कॅचर फिस्क एकमेकांवर आदळले, फिस्कचा थ्रो भरकटला, तरी अंपायर बार्नेटने इंटरफिअरन्स दिला नाही. बॉस्टनवाले अजून कुरकुरतात. अडवलं की अडखळले, सगळा वाद तिथेच.

ओळंबा: अडवणे, अडखळणे, अडथळा, अडसर, सगळी एकाच ‘आड’ची पोरं.

शुद्धमती: पुरावा? ध्वनी जुळला की झाली व्युत्पत्ती!

काकू_गिरगाव: अडसरावरून आठवलं, आमच्या चाळीत दाराला लाकडी अडसर होता. सासूबाई त्याला आगळ म्हणायच्या.

शुद्धमती: आगळ संस्कृत अर्गलेवरून.

दादरकर: मंडळी, कॅचर...

ओळंबा: थांबा हो. काकू, आगळ भिंतीत सरकायची की कोयंड्यात अडकायची? दोन्ही एक नव्हेत.