म्युच्युअल कपलिंग मोजताना आकडा स्थिर राहत नाही

प्रश्न
मी नाशिकमध्ये अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी २.४५ गिगाहर्ट्‌झचे चार छापील मोनोपोल (एक-दांडी अँटेना) एकाच बोर्डावर, एकमेकांपासून ६१ मिलिमीटरवर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीवर घेतले आहेत. आमच्याकडे अ‍ॅनेकोइक चेंबर (भिंतींवरून परावर्तन होऊ न देणारी मोजणीची खोली) नसल्यामुळे अंबडमधील एका पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी टेबलावर थर्माकोल ठेवून, व्हीएनएने (पोर्टमधून जाणारे व परतणारे संकेत मोजणारे यंत्र) मोजणी केली. मधल्या दोन घटकांमधील एस-२१ (एका अँटेनाला दिलेल्या संकेताचा दुसरीत पोहोचणारा अंश, म्हणजेच म्युच्युअल कपलिंग) कधी उणे १५, तर कधी उणे १९ डेसिबल येतो. छप्पर ४ मीटर उंचीवर आहे आणि दोष त्याचाच असावा, असे मला वाटते. शिवाय मार्गदर्शकांना म्युच्युअल इम्पीडन्स (एका अँटेनातील प्रवाहामुळे दुसरीच्या टोकांवर येणारे व्होल्टेज भागिले तो प्रवाह) हवा आहे, ज्याच्या व्याख्येत बाकीच्या अँटेनांची टोके उघडी असतात. मग मोजतानाही ती उघडी ठेवावीत का?

उत्तर १
छपराला दोष देण्याआधी हिशेब करावा. वर जाऊन परत येणारा मार्ग ८ मीटरचा, त्यावर या वारंवारतेला सुमारे ५८ डेसिबल घट. दोन्ही अँटेनांचा गेन (संकेत एका दिशेला एकवटण्याची क्षमता) प्रत्येकी २ डेसिबल धरला, तरी परावर्तन उणे ५४ च्या आसपास येते. उणे १७ च्या कपलिंगमध्ये त्याने फार तर ०.१ डेसिबलचा फरक पडेल. चार डेसिबलचे कारण जवळच कुठेतरी असले पाहिजे. केबलला हात लावल्यावर आकडा हलतो का?

प्रश्नकर्ता
होय, जवळजवळ २ डेसिबलने हलतो.

उत्तर १
मग केबलच अँटेना झाली आहे. ग्राउंड प्लेन (बोर्डावरचा ग्राउंडचा तांब्याचा थर) लहान असला की प्रवाह केबलच्या बाहेरच्या जाळीवर उतरतो, आणि कॅलिब्रेशन कितीही काटेकोर केले तरी ते त्याला पकडत नाही. तो प्रवाह अडवण्यासाठी कनेक्टरजवळ केबलवर ३१ मिलिमीटरची, म्हणजे चतुर्थांश तरंगलांबीची, तांब्याची नळी चढवावी. तिचे अँटेनाकडचे टोक मोकळे ठेवून दुसरे जाळीला डाग द्यावे. केबली घटकांना काटकोनात न्याव्यात. फोनचे वाय-फायही बंद ठेवावे, कारण पट्टा तोच आहे.

उत्तर २
टोके उघडी ठेवू नयेत. उघडा कनेक्टर म्हणजे अँटेनाच्या पायाशी उघडे टोक नव्हे. दोहोंमधली फीडलाइन (संकेत नेणारी पट्टी) चतुर्थांश तरंगलांबीची निघाली, तर तेथे शॉर्टच दिसेल. न मोजल्या जाणाऱ्या दोन्ही पोर्टना ५० ओहमचे टर्मिनेशन (संकेत शोषून घेणारा रोध) लावून सहा जोड्या मोजाव्यात, त्यातून पूर्ण एस-मॅट्रिक्स (सर्व पोर्टमधील एस-आकड्यांचा तक्ता) तयार करावे, आणि एकक मॅट्रिक्समध्ये ते मिळवून येणाऱ्या मॅट्रिक्सला, एकक मॅट्रिक्समधून ते वजा करून येणाऱ्या मॅट्रिक्सच्या व्यस्ताने गुणून ५० पट करावे; त्यातच म्युच्युअल इम्पीडन्स मिळतो. उघड्या टोकांची अट गणितच पाळते. मात्र त्यापूर्वी पोर्ट एक्स्टेन्शनने (फीडलाइनची लांबी वजा करण्याची व्हीएनएमधील सोय) संदर्भ-पातळी, म्हणजे फेज जिथून मोजली जाते ती जागा, कनेक्टरवरून अँटेनाच्या पायापर्यंत न्यावी, अन्यथा फेज चुकून रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स यांची सरमिसळ होते. पाठ्यपुस्तकातील उणे १२.५ उणे जे २९.९ ओहम हा आकडा अर्ध्या तरंगलांबीवरील समांतर, बारीक अर्ध-तरंग डायपोलांचा (दोन-दांडी अँटेना) आहे, मोनोपोलांचा नाही. त्याच्याशी आपला आकडा जुळवत बसू नये.

प्रश्नकर्ता
नळी व टर्मिनेशन लावल्यावर आकडा उणे १७ वर स्थिरावला असून केबल हलवली तरी फरक ०.३ च्या आतच राहतो. पहिल्या व तिसऱ्या घटकांमधील आकडा टर्मिनेशनमुळे जास्त बदलला, हे अनपेक्षित होते.

उत्तर २
त्यात नवल नाही. त्या दोघांचे थेट कपलिंग क्षीण असते, त्यामुळे उघड्या मधल्या घटकावरून उसळून आलेला अंश त्याच्या तुलनेत मोठा ठरतो.