छापील किमतीतला कर आणि त्रैराशिक

२,९५० रुपये छापील किंमत असलेल्या मिक्सरबद्दल 'त्यावर १८ टक्के, म्हणजे ५३१ रुपये जीएसटी' असा जो हिशेब केला जातो, त्यात एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. छापील कमाल किरकोळ किमतीत सर्व कर आधीच धरलेले असल्यामुळे २,९५० हा आकडा शंभराच्या जागी नसून एकशे अठराच्या (मूळ किंमत १०० अधिक कर १८) जागी आहे, आणि त्रैराशिक मांडताना नेमके हेच निसटते. ११८ रुपयांत १८ रुपये कर, तर २,९५० रुपयांत किती, असे मांडले की २,९५० गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे ४५० रुपये येतात. मूळ किंमत २,५०० उरते. खरेदी राज्यातच झाली असेल, तर बिलावर हेच ४५० रुपये केंद्राचे २२५ आणि राज्याचे २२५ असे दोन ओळींत दिसतात. (शाळेत व्यस्त त्रैराशिकाने छळले असले, तरी हे सम त्रैराशिक आहे.) दुकानदाराने बिलातच दहा टक्के सूट देऊन २,६५५ रुपये घेतले, तर तेच गुणोत्तर वापरून कर ४०५ रुपये निघतो. ५३१ रुपये हे उत्तर बरोबर ठरायला २,९५० ही करापूर्वीची किंमत असावी लागेल, आणि मग गल्ल्यावर ३,४८१ रुपये मोजावे लागतील.