मदत हवी आहे: मराठी-कन्नड अहवालात ₹, ॐ आणि इमोजींच्या जागी चौकोन येतात

निपाणी_डीटीपी:
नमस्कार. गणेशोत्सव मंडळाचा अहवाल इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लावतोय. आकार ए५, पानं ३२, आतली सगळी एकरंगी ऑफसेट. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. मराठी मुक्ता फॉन्टमध्ये आहे. कन्नड मजकूर जुन्या नुडीत (कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाइप होऊन आलाय. मनोगतं व्हॉट्सॲपवरून आली आहेत, त्यात इमोजी आहेत आणि मंडळाला ते हवेच आहेत.

कन्नड पानांवर ₹ आणि ॐ लिहिलं की फुलीचा चौकोन येतो. 🙏🏽 मराठी पानांवरही येत नाही. फॉन्ट बदलला तर हात एकीकडे आणि तपकिरी ठोकळा दुसरीकडे. स्वस्तिक तर गायबच. छपाईची प्लेट परवा काढायची आहे. काय करू?

शहापूर_अक्षरजुळणी:
चौकोन आला म्हणजे अक्षर हरवलं असं नाही. अक्षर फाइलमध्ये आहे, त्या फॉन्टमध्ये त्याचं चित्र नाही, एवढंच. म्हणून पुसून पुन्हा टाइप करत बसू नका.

आधी कन्नडचं बघा. जुना नुडी युनिकोड नाही, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी सर्वमान्य पद्धत त्यात नाही. त्यात कन्नड अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे बाहेरचं चिन्ह त्यात टिकणारच नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग नोटो सान्स कन्नड किंवा बलू तम्मा २ लावा. मराठीला बलू २ घेतलात तर दोन्ही पानं एकाच घडणीची दिसतील, कारण हे दोन्ही फॉन्ट 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचेच आहेत. कन्व्हर्ट झाल्यावर जोडाक्षरं मात्र कन्नड जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्याच. पॅराग्राफ स्टाइलमध्ये कंपोझर (ओळी जुळवणारी सोय) 'वर्ल्ड-रेडी' ठेवा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं सुटतील.

₹ हे चिन्ह २०१० साली स्वीकारलं गेलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते सापडणार नाही. जमाखर्चाचे जुने तक्ते उचलणार असाल तर आणखी एक तपासा. त्या काळात मंगळूरच्या फोरेडियन कंपनीचा रुपयाचा फॉन्ट खूप चालायचा. त्यात कीबोर्डवर १ च्या डावीकडची ` ही कळ दाबली की ₹ दिसायचा. तो फॉन्ट मशिनवर नसेल तर रकमेआधी नुसतं ` उरतं. फाइंड-चेंज लावून ते सगळे खऱ्या ₹ मध्ये बदला.

कन्नडमध्ये ॐ ला वेगळा युनिकोड नाही. कन्नड ओ आणि अनुस्वार मिळून तो लिहितात. देवनागरी ॐ च ठेवायचा असेल तर तेवढ्या अक्षराला देवनागरी फॉन्ट द्यावा लागतो. हाताने द्यायची गरज नाही. मुक्ताची एक कॅरेक्टर स्टाइल करा, कन्नडच्या पॅराग्राफ स्टाइलमध्ये ग्रेप स्टाइल (ठरावीक अक्षरं शोधून त्यांना आपोआप स्टाइल लावणारी सोय) उघडा आणि चौकटी कंसात [ॐ₹] लिहून ती स्टाइल जोडा. पुढे कितीही मजकूर ओतला तरी आपोआप लागेल.

व्हॉट्सॲपमधून येणारा 🕉️ मात्र निराळं अक्षर आहे. बहुतेक फोनवर तो जांभळ्या चौकोनात दिसतो. मनोगतांत तो शोधून साधा ॐ घाला.

निपाणी_डीटीपी:
छान समजलं. ग्रेप लावलं, ₹ आणि ॐ दोन्ही आले. आता 🙏🏽 आणि स्वस्तिक राहिलं. फोनचा स्क्रीनशॉट काढून चिकटवला तर चालेल का?

खानापूर_प्रेस:
नको ओ. स्क्रीनशॉटमधलं इमोजी साधारण ७२ पिक्सेलचं धरलं तर ३०० डीपीआयला ते जेमतेम ६ मिलिमीटर होतं. मोठं केलं की दातेरी कडा दिसतात. त्यातून रंगीत इमोजी काळ्या शाईत गेलं की पिवळ्याचे विरळ ठिपके पडतात आणि १० पॉइंटला हात ओळखूही येत नाही.

एकरंगी कामाला नोटो इमोजी घ्या. नोटो कलर इमोजी नव्हे. हा नुसत्या रेघांचा फॉन्ट आहे, मोफत आहे आणि त्याचं वजन (रेघेची जाडी) ३०० ते ७०० मिळतं. १०-११ पॉइंटच्या मजकुराला ५०० ठेवा, ३०० ची रेघ स्वस्त कागदावर तुटते. रंग १०० टक्के काळा.

तपकिरी ठोकळा म्हणजे त्वचेच्या छटेचं वेगळं अक्षर, 🙏 च्या मागे चिकटलेलं. एकरंगी छपाईत त्याचा काही उपयोग नाही. हातामागे कर्सर नेऊन तेवढंच पुसा. 👨‍👩‍👧 सारखं कुटुंब तीन तुकड्यांत फुटलं तर लिगेचर्स (अक्षरं जोडून एक चित्र करणारी सोय) चालू आहेत का बघा. तरी फुटलं तर ते बदलून एकच साधं चिन्ह घ्या.

स्वस्तिक इमोजींत नाहीच. नेटवरून कॉपी होतं ते 卐 चिनी लिपीतलं अक्षर, त्यामुळे मुक्तात दिसणार नाही. त्यातही 卍 हे उलट वळणाचं, घाईत तेच उचललं जातं. इथे फॉन्टच्या मागे लागू नका. कोरलमध्ये (चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हेक्टर, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणारं चित्र, काढा, चारी टिंबं घाला, इनडिझाइनमध्ये प्लेस करून कट करा आणि टाइप टूलने कर्सर ओळीत ठेवून पेस्ट करा. १२ पॉइंटच्या मजकुराला उंची १० पॉइंट पुरते. लीडिंग (दोन ओळींमधलं अंतर) 'ऑटो' असेल तर चित्र उंच झालं की ती एकच ओळ खाली सरकते, म्हणून १७ पॉइंट पक्कं टाका. चित्र वर-खाली करायला अँकर्ड ऑब्जेक्टमध्ये वाय ऑफसेट आहे.

शहापूर_अक्षरजुळणी:
पीडीएफ काढण्याआधी प्रीफ्लाइटच्या (छपाईआधी चुका शोधणाऱ्या तपासणीच्या) प्रोफाइलमध्ये टेक्स्टखालचं 'ग्लिफ मिसिंग' चालू करा, राहिलेला प्रत्येक चौकोन पान क्रमांकासकट सापडेल. मग सेपरेशन्स पॅनलमध्ये (प्रत्येक शाई वेगळी दाखवणाऱ्या) काळ्यासमोरचं डोळ्याचं चिन्ह बंद करा. आतल्या पानांवर तरीही काही दिसलं तर ते रंगीत राहिलंय. मुखपृष्ठ वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.